मापनाच्या पातळ्यांचे अध्यापन : मानसशास्त्राच्या वर्गातील एक अडचण आणि तिचा विचार

सारांश

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नामनिर्देशक, क्रमनिर्देशक, अंतराल व गुणोत्तर या चार मापनश्रेणी पाठ असतात. मात्र स्वतः गोळा केलेल्या प्राप्तांकांविषयी विधान करताना त्या ज्ञानाचा उपयोग त्यांना करता येत नाही. मापनाची पातळी हा अंकाचा गुण मानून शिकवला जातो, हे या अडचणीचे मूळ कारण आहे. अंक बदलले तरी कोणते विधान टिकते आणि कोणते कोसळते, या प्रश्नाभोवती हा घटक मांडल्यास तो अधिक अर्थपूर्ण होतो, असे प्रस्तुत लेखात सोदाहरण दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : मापनश्रेणी, प्राप्तांक, रूपांतर, मध्यमान, मध्यांक, शततमक.

१. प्रस्तावना

पदवी स्तरावर मानसशास्त्रीय संख्याशास्त्र किंवा मानसमापन शिकविताना 'मापनाच्या पातळ्या' हा घटक बहुधा सुरुवातीलाच येतो आणि एक-दोन तासिकांत संपतो. फळ्यावर चार ओळींचा तक्ता काढला जातो. श्रेणीचे नाव, तिचे वैशिष्ट्य, एक उदाहरण आणि चालणारी संख्याशास्त्रीय परिमाणे असे त्याचे रकाने असतात. विद्यार्थी तक्ता उतरवून घेतात आणि परीक्षेत तो बिनचूक लिहितात. येथवर सर्व सुरळीत असते.

अडचण दिसते ती प्रकल्प अहवालात. तोच विद्यार्थी लिहितो की, समुपदेशनानंतर प्रयुक्ताची निराशा निम्म्यावर आली. किंवा अमुक गटाची चिंता तमुक गटाच्या दीडपट आहे. तक्ता त्याला पाठ आहे, पण त्या तक्त्याचा आपल्या वाक्याशी काही संबंध आहे, याची त्याला जाणीव नाही. ही केवळ गुणदानाची बाब नव्हे. आज प्रकल्पात असे वाक्य लिहिणारा विद्यार्थी उद्या शाळेत समुपदेशक होतो, निवड मंडळावर बसतो, पालकांना मुलाचा बुद्ध्यंक सांगतो. त्याचे वाक्य तेव्हा एखाद्या व्यक्तीचे भवितव्य ठरविण्यास हातभार लावते. म्हणून या छोट्या घटकाच्या अध्यापनाचा वेगळा विचार करणे आवश्यक वाटते.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

चार श्रेणींची मांडणी एका वादातून जन्मली, हे विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. १८६० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव फेक्नर यांनी मनोभौतिकीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि संवेदनेचे मापन करता येते असा दावा केला. भौतिकशास्त्रज्ञांना तो सहजासहजी मान्य होणारा नव्हता. दोन काठ्या टोकाला टोक जोडून ठेवल्या की त्यांच्या लांबीची बेरीज प्रत्यक्ष करून दाखविता येते. दोन संवेदना अशा जोडून दाखविता येत नाहीत. मग संवेदनेला दिलेल्या अंकास मापन कसे म्हणावे, हा त्यांचा आक्षेप होता.

या प्रश्नाचा निर्णय करण्यासाठी ब्रिटनमधील विज्ञानवर्धक संस्थेने १९३२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांची समिती नेमली. समितीचा अंतिम अहवाल १९४० मध्ये आला, पण सदस्यांत एकमत झाले नाही. ध्वनीचा भासणारा मोठेपणा मोजणारी जी श्रेणी या चर्चेत उदाहरण म्हणून पुढे आली, ती हार्वर्ड विद्यापीठातील एस. एस. स्टीव्हन्स व त्यांच्या सहकाऱ्याची होती. १९४६ मध्ये स्टीव्हन्स यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहून उत्तर दिले. विशिष्ट नियमांनुसार वस्तूंना वा घटनांना अंक देणे म्हणजे मापन, अशी व्यापक व्याख्या त्यांनी स्वीकारली. नियम अनेक प्रकारचे असू शकतात, म्हणून मापनश्रेणीही अनेक प्रकारच्या असतात, असे म्हणून त्यांनी चार श्रेणी सांगितल्या.

येथे अध्यापनाच्या दृष्टीने एक महत्त्वाचा तपशील आहे. स्टीव्हन्स यांनी श्रेणी ओळखण्यासाठी दिलेली खूण रूपांतराची होती. अंकांमध्ये कोणता बदल केला असता श्रेणीतील माहिती अबाधित राहते, हा त्यांचा प्रश्न होता. तक्त्याच्या प्रवासात हा प्रश्नच गळून पडला आणि केवळ नावे व उदाहरणे उरली.

३. चार श्रेणी आणि रूपांतराची कसोटी

हा प्रश्न वर्गात परत आणायचा असेल, तर विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयातील अंकांपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते.

पोस्टाचा पिनकोड सर्वांना ठाऊक असतो. १९७२ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत सहा अंक असतात. महाराष्ट्र व गोवा यांचे पिनकोड ४ या अंकाने सुरू होतात. उद्या सर्व विभागांना नवे अंक दिले, आणि दोन विभागांना एकच क्रमांक मिळणार नाही एवढी काळजी घेतली, तरी पत्रे योग्य ठिकाणी पोहोचतील. ज्या श्रेणीत असा कोणताही एकास-एक बदल चालतो, ती नामनिर्देशक श्रेणी होय. पिनकोडांचे मध्यमान काढता येते, पण त्या अंकाला कोणतेही पत्र पाठविता येत नाही.

क्रमनिर्देशक श्रेणीसाठी शिधापत्रिकेचे उदाहरण उपयुक्त आहे. महाराष्ट्रात १९९९ मध्ये तिरंगी शिधापत्रिकांची योजना आली. त्या वेळच्या निकषांनुसार वार्षिक उत्पन्न पंधरा हजार रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाला पिवळी, त्याहून अधिक परंतु एक लाखापेक्षा कमी उत्पन्न असलेल्यास केशरी आणि एक लाख व त्याहून अधिक उत्पन्न असलेल्यास पांढरी शिधापत्रिका, अशी विभागणी होती. या तिघींना १, २, ३ असे अंक दिले काय किंवा १, ५, ४० असे दिले काय, उत्पन्नाचा चढता क्रम कायम राहतो. मात्र पहिल्या गटाची रुंदी पंधरा हजारांची, दुसऱ्याची सुमारे पंच्याऐंशी हजारांची आणि तिसऱ्याला वरची मर्यादाच नाही. १ ते २ आणि २ ते ३ ही अंतरे कागदावर समान दिसली तरी वास्तवात ती समान नाहीत. येथे आणखी एक गोष्ट लक्षात आणून द्यावी. शिधापत्रिकेकडे निव्वळ रंग म्हणून पाहिले तर ती नामनिर्देशक आहे, उत्पन्नाचा गट म्हणून पाहिले तर क्रमनिर्देशक. वस्तू तीच, आपण तिच्याविषयी काय बोलू इच्छितो, यावर पातळी ठरते.

अंतराल श्रेणीसाठी पाठ्यपुस्तके तापमानाचे उदाहरण देतात. मराठी विद्यार्थ्याला त्याहून जवळचे उदाहरण कालगणनेचे आहे. शिवराज्याभिषेक इसवी सन १६७४ मध्ये, म्हणजे शके १५९६ मध्ये झाला. महाराजांचे निधन १६८० मध्ये, शके १६०२ मध्ये झाले. दोन्ही गणनांत अंतर सहा वर्षांचेच आहे. परंतु इसवी सन २००० हे १००० च्या दुप्पट आहे असे म्हणावे, तर शकगणनेत तेच आकडे सुमारे १९२२ व ९२२ होतात आणि दुप्पट नाहीशी होते. शून्य कोठे ठेवायचे हा माणसाचा निर्णय आहे. राज्याभिषेकापासून नवा शक सुरू करता येतो, तो याच कारणाने. तापमानात शून्याबरोबर एककही बदलते. २० व ४० अंश सेल्सिअस म्हणजे ६८ व १०४ अंश फॅरनहाइट. तेथेही दुप्पट टिकत नाही, अंतरांची तुलना मात्र टिकते.

गुणोत्तर श्रेणीत शून्य निसर्गतःच ठरलेले असते आणि केवळ एकक बदलण्याची मुभा असते. ५०० रुपये हे २५० रुपयांच्या दुप्पट आहेत आणि पैशांत मोजले तरी दुप्पटच राहतात. सन ही अंतराल श्रेणी असली, तरी दोन सनांमधील अंतर, म्हणजे वय, ही गुणोत्तर श्रेणी आहे, हेही येथेच दाखविता येईल. चाळीस वर्षांची व्यक्ती वीस वर्षांच्या व्यक्तीच्या दुप्पट वयाची आहे, हे विधान कोणत्याही पंचांगाने बदलत नाही.

अशा रीतीने चार व्याख्यांऐवजी एकच कसोटी विद्यार्थ्याच्या हाती येते : अंक देण्याची दुसरी तितकीच योग्य पद्धत वापरली असती, तर माझे विधान खरे राहिले असते काय?

४. मानसशास्त्रातील अवघड स्थळे

पिनकोड व रुपये यांच्याबाबत फारसा वाद नसतो. कसोटीचे खरे मोल मानसशास्त्रीय प्राप्तांकांपाशी आल्यावर कळते.

प्रस्तावनेतील 'निराशा निम्म्यावर आली' हे विधान घेऊ. अॅरन बेक यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निराशा मापिकेत २१ घटक असून प्रत्येकाला ० ते ३ गुण दिले जातात. एकूण प्राप्तांक ० ते ६३ या दरम्यान येतो. समजा, प्रयुक्ताचा प्राप्तांक ३० वरून १५ वर आला. आता प्रत्येक घटकाला ० ते ३ ऐवजी १ ते ४ गुण देण्याची प्रथा असती, अशी कल्पना करू. तिच्या उत्तरांत काहीही बदल झालेला नाही. पण प्रत्येक प्राप्तांकात २१ मिळविले जातील आणि घट ५१ वरून ३६ होईल. पहिल्या पद्धतीत घट ५० टक्के, दुसऱ्या पद्धतीत सुमारे २९ टक्के. व्यक्ती तीच, उत्तरे तीच, दुःखही तेच. टक्केवारी तेवढी गुणदान करणाऱ्याच्या सवयीतून आली. दोन्ही पद्धतींत टिकणारे विधान एवढेच की, प्राप्तांक १५ गुणांनी कमी झाला. ही आकडेमोड विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करवून घेतल्यास दीर्घ व्याख्यानाची गरज उरत नाही.

दुसरे स्थळ बुद्ध्यंकाचे. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला शारीरिक वयाने भागण्याची कल्पना मांडली. पुढे त्या भागाकाराला १०० ने गुणण्याची प्रथा रूढ झाली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोटीचे मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी जे रूपांतर केले, ते याच परंपरेतील होय. सूत्रात भागाकार असल्याने बुद्ध्यंक ही गुणोत्तर श्रेणी आहे, असा समज विद्यार्थ्यांत हमखास आढळतो. परंतु आठ वर्षांच्या व नऊ वर्षांच्या मानसिक वयातील अंतर हे चौदा व पंधरा यांतील अंतराएवढेच आहे, याला पुरावा लागतो. आणि बुद्धीचे शून्य कोठे आहे, हे तर कोणालाच दाखविता आलेले नाही. डेव्हिड वेक्सलर यांच्या १९३९ च्या कसोटीपासून रूढ झालेल्या विचलन बुद्ध्यंकात मध्यमान १०० व प्रमाण विचलन १५ ठेवले जाते. हे दोन्ही अंक सोयीने निवडलेले आहेत. म्हणून १४० बुद्ध्यंकाचे मूल ७० बुद्ध्यंकाच्या मुलाच्या दुप्पट बुद्धिमान आहे, या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही.

तिसरे स्थळ शततमकाचे. प्रवेश परीक्षांमुळे हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. शततमक केवळ क्रमातील स्थान सांगतो. प्राप्तांकांचे वितरण प्रसामान्य मानले, तर ५० व्या शततमकाचा बुद्ध्यंक १०० आणि ६० व्या शततमकाचा सुमारे १०४ येतो. ८९ व्या शततमकाचा सुमारे ११८ आणि ९९ व्या शततमकाचा सुमारे १३५ येतो. दोन्ही ठिकाणी अंतर दहा शततमकांचेच. पण एकीकडे ते चार गुणांचे आणि दुसरीकडे सतरा गुणांच्या आसपास आहे. यांतील कोणते अंतर 'खरे' समान, हे निव्वळ अंकांकडे पाहून ठरविता येत नाही.

चौथे स्थळ अधिक सूक्ष्म आहे. प्रतिक्रिया काल मिलिसेकंदांत मोजला जातो आणि काल ही निःसंशय गुणोत्तर श्रेणी आहे. स्मरणाच्या प्रयोगात आठवलेल्या शब्दांची संख्याही मोजता येते. बारा शब्द सहा शब्दांच्या दुप्पट असतात. परंतु बारा शब्द आठवणाऱ्याची स्मृती सहा शब्द आठवणाऱ्याच्या दुप्पट आहे काय? शब्दांविषयीचे विधान गुणोत्तराच्या पातळीवर टिकते, स्मृतीविषयीचे टिकतेच असे नाही. आपण मोजतो ते वर्तन आणि बोलतो ते त्यामागील गुणधर्माविषयी. मापनाची पातळी या दोहोंमधील नात्याला असते, एकट्या अंकाला नसते.

५. नियम की विवेक?

कोणत्या श्रेणीसाठी कोणते परिमाण चालते, हा तक्त्यातील शेवटचा रकाना होय. नामनिर्देशकास बहुलक, क्रमनिर्देशकास मध्यांक व शततमक, अंतरालास मध्यमान व प्रमाण विचलन अशी ही वाटणी स्टीव्हन्स यांच्याच लेखातील आहे. ती कायद्याप्रमाणे शिकवावी काय, याविषयी मात्र दीर्घकाळ मतभेद आहेत आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ते माहीत असणे इष्ट आहे.

मानसशास्त्रज्ञ वापरतात त्यांपैकी बहुतेक श्रेणी क्रमनिर्देशक आहेत आणि काटेकोरपणे पाहता त्यांवर मध्यमान काढू नये, हे स्टीव्हन्स यांनी मान्य केले होते. पण अशा वापरातून अनेकदा फलदायी निष्कर्ष निघतात, हेही त्यांनी त्याच लेखात नोंदविले. १९५३ मध्ये फ्रेडरिक लॉर्ड यांनी एका विनोदी कथेतून या वाटणीवर टीका केली. फुटबॉल खेळाडूंच्या सदऱ्यांवरील क्रमांक हे निव्वळ नामनिर्देशक. तरीही कनिष्ठ वर्गातील खेळाडूंना मुद्दाम लहान क्रमांक दिले गेले काय, हे तपासण्यासाठी त्यांचे मध्यमान उपयोगी पडते, असे त्यांनी दाखविले. आकडेमोडीला अंकांचे मूळ ठाऊक असण्याची गरज नसते, हा त्यांचा मुद्दा. पुढे १९९३ मध्ये पॉल व्हेलमन व लेलंड विल्किन्सन यांनी ही चतुर्विध विभागणी विश्लेषणाची पद्धत निवडण्यासाठी दिशाभूल करणारी ठरते, असे प्रतिपादन केले. उलट बाजूने जोएल मिशेल यांनी १९९७ मध्ये असा आक्षेप घेतला की, एखादा मानसिक गुणधर्म मुळात परिमाणात्मक आहे की नाही, हाच अनुभवाने तपासण्याचा प्रश्न आहे. स्टीव्हन्स यांच्या व्यापक व्याख्येमुळे मानसशास्त्राने तो विचारणेच सोडून दिले.

या मतभेदांतून अध्यापकाने कोणती वाट काढावी? दोन प्रश्न वेगळे ठेवले तर बराच गोंधळ टळतो. पहिला प्रश्न, ही संख्याशास्त्रीय कसोटी या अंकांवर चालविता येईल काय? त्याचे उत्तर वितरण, नमुन्याचा आकार, निरीक्षणांचे परस्पर स्वातंत्र्य यांवर अवलंबून असते. दुसरा प्रश्न, आलेल्या निष्कर्षावरून गुणधर्माविषयी काय म्हणता येईल? त्याचे उत्तर मापनाच्या पातळीवर अवलंबून असते. लॉर्ड यांचे म्हणणे पहिल्या प्रश्नाला लागू पडते. आपल्या विद्यार्थ्यांची चूक दुसऱ्या प्रश्नात होते.

६. वर्गातील मांडणी

उपरोक्त विचार तीन तासिकांत बसविता येतो. पहिल्या तासिकेत तक्ता न देता पिनकोड, शिधापत्रिका, कालगणना व रुपये ही उदाहरणे घ्यावीत आणि प्रत्येक ठिकाणी 'अंक कसे बदलले तर चालेल?' असे विचारावे. श्रेणींची नावे तासिकेच्या शेवटी द्यावीत. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांबाबत परिभाषेचीही काळजी घ्यावी लागते. शालेय गणितात त्यांनी 'मध्य, मध्यक, बहुलक' शिकलेले असते. आपल्या पुस्तकांत 'मध्यमान, मध्यांक' असे शब्द येतात. दोन्ही संच फळ्यावर शेजारी लिहिल्यास निष्कारण गोंधळ टळतो.

दुसऱ्या तासिकेसाठी एक छोटी कृती सुचवावीशी वाटते. एका विधानावर 'पूर्णतः असहमत' ते 'पूर्णतः सहमत' असे पाच प्रतिसाद आहेत. त्यांना १ ते ५ अंक दिले आहेत. अ गटातील पाचही जण तटस्थ, म्हणजे ३. ब गटातील दोघे पूर्णतः असहमत व तिघे सहमत, म्हणजे १, १, ४, ४, ४. मध्यमाने अनुक्रमे ३ व २.८, अ गट पुढे. आता क्रम न बदलता प्रतिसादांना १, २, ३, ६, ७ असे अंक द्यावेत. अ गटाचे मध्यमान ३ च राहते, ब गटाचे ४ होते. ब गट पुढे. मध्यांक मात्र दोन्ही वेळा ब गटाचाच अधिक येतो. क्रम तेवढा ठाऊक असताना मध्यमानांची तुलना कशी उलटू शकते आणि मध्यांकाची का उलटत नाही, हे विद्यार्थी स्वतःच्या वहीत पाहतात. अनेक विधानांची बेरीज करून मिळणाऱ्या लायकर्ट पद्धतीच्या प्राप्तांकात हा धोका बराच कमी होतो, नाहीसा होत नाही, हेही येथे सांगावे.

त्याच तासिकेत एक उलट कोडेही घालता येईल. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात ३६ मुलगे व २४ मुली आहेत. मुलग्यांना १ व मुलींना २ अंक दिल्यास मध्यमान १.४ येते. हे निरर्थक आहे काय? वरवर पाहता आहे; पण १ वजा केल्यावर उरणारे ०.४ म्हणजे वर्गातील मुलींचे प्रमाण, ४० टक्के. नियम पाठ करणारा विद्यार्थी येथे अडतो, अर्थ शोधणारा सुटतो.

तिसरी तासिका संगणकासमोर घ्यावी. एसपीएसएससारख्या प्रणालीत प्रत्येक चलासाठी मापनाची पातळी नोंदविण्याचा रकाना असतो. त्यात अंतराल व गुणोत्तर या दोन्ही श्रेणींसाठी 'स्केल' हा एकच पर्याय आहे. म्हणजे 'निम्मे' आणि 'दुप्पट' यांविषयी सावध करण्याची जबाबदारी यंत्राने घेतलेली नाही. ती विद्यार्थ्याचीच राहते.

७. समारोप

मूल्यमापन बदलल्याशिवाय अध्यापन बदलत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. 'मापनाच्या पातळ्या : टीप लिहा' असा प्रश्न विचारला जाईल तोवर विद्यार्थी तक्ताच पाठ करील. त्याऐवजी एखादे वाक्य देऊन ते टिकते की नाही, हे सकारण लिहावयास सांगता येईल. उदाहरणार्थ, 'चिंता मापिकेवर सुनीताला ४० व मीनाला २० गुण मिळाले, म्हणून सुनीताची चिंता मीनाच्या दुप्पट आहे.' हा प्रश्न अर्थशास्त्र, भूगोल वा शिक्षणशास्त्र या विषयांतही किरकोळ फेरफाराने विचारता येण्यासारखा आहे. निर्देशांक, मानांकने व श्रेयांक यांचा वापर आता सर्वच विद्याशाखांत होतो.

या प्रश्नाचे योग्य उत्तर लिहिणारी विद्यार्थिनी पुढे समुपदेशक झाली, तर मीनाच्या किंवा सुनीताच्या पालकांपुढे बसल्यावर ती 'दुप्पट' म्हणणार नाही. आपल्या मापिकेने जेवढे कळले तेवढेच ती सांगेल. मापनाच्या पातळ्या शिकविण्याचे प्रयोजन हेच होय.